अर्ध्या तिकिटाचं गाव

फेब्रुवारी सरत आला की सांगलीच्या रस्त्यांवर दोन गोष्टी एकदम दिसायला लागतात. उसाच्या डबल ट्रॉल्या आणि बारावीची पोरं. परवा स्कूटरवरून बाजाराला निघाले होते, तर पुढं ट्रॅक्टर, त्यामागं दोन ट्रॉल्या, वर मोळ्यांचा डोंगर, आणि गाणी अशी लावलेली की हॉर्न वाजवून काही उपयोग नाही. माझ्या शेजारी एक मोटरसायकल अडकली होती. पुढं बाप, मागं पोरगी. तिच्या हातात पारदर्शक पाउच, त्यात पेन, पट्टी आणि हॉलतिकीट. बाप सारखा मनगट बघत होता, पोरगी ओठ हलवत काहीतरी म्हणत होती. ट्रॅक्टर बाजूला झाला, ती दोघं पुढं गेली, वेळेवर पोचलीही असतील. रागवण्यासारखं काही घडलं नव्हतं. तरी मला राग आला. घरी येऊन भाजी निवडायला बसले तरी तो गेला नाही.

हा राग जुना आहे. याच दिवसांत तो हराळीसारखा परत उगवतो. हवेत मळीचा वास सुटला, दुपारी ऊन चटकायला लागलं, शेजारपाजारच्या घरांतून घोकंपट्टीचे आवाज यायला लागले, की मला निंबदऱ्याचा पार दिसतो आणि पारावर गाडीची वाट बघणाऱ्या पोरी.

निंबदरा माझं माहेर. कडेगावच्या पलीकडं, डोंगराच्या पोटात. गाव सांगली जिल्ह्यात आणि फाटा सातारा जिल्ह्यात. त्यामुळं रस्त्याचं विचारलं की सांगलीवाले साताऱ्याकडं बोट दाखवतात, सातारावाले सांगलीकडं, आणि आम्ही मधल्या खड्ड्यात. फाट्यापासून गावापर्यंत खिंडीची चढण. फाट्यावर वडापच्या, म्हणजे शीटं भरून नेणाऱ्या खासगी जिपा मिळतात, पण त्या वर गावात येत नाहीत. माणसांसाठी गावात येणारी एकच गाडी होती, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. एसटी खिंड चढताना गिअर बदलायची, तो घरघराट गावभर ऐकू यायचा. तो ऐकून बायका चुलीवरचं दूध उतरवायच्या, पोरं दप्तरं शोधायला लागायची. घड्याळं सगळ्यांच्या घरी होती, पण कोणी त्यांच्यावर फारसा भरवसा ठेवत नव्हतं.

आमच्या गावात माणसं किती, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लोकसंख्या रंगवलेली आहे, पण त्या आकड्यातली निम्मी माणसं फक्त भिंतीवरच राहतात. पोरं फौजेत. फौजेत नाहीत ती कुपवाडच्या कारखान्यांत. उरलेली सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला थेट तामिळनाडूत नाहीतर केरळात. धनगरवस्तीवरची माणसं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन नदीकाठच्या मुलखात उतरतात, ती पावसाच्या तोंडावर परत. उलट थंडीत ऊसतोडीची टोळी येते, माळावर खोपी पडतात, गाव भरल्यासारखं दिसतं. पण ती माणसं आमच्या भिंतीवर नाहीत. आणि पाण्याची योजना आल्यापासून ऊस मात्र सगळीकडं. उसाला न्यायला ट्रॅक्टर थेट बांधावर येतो. माणसानं मात्र फाट्यापर्यंत चालत जायचं. हे मी बोलले की लोक हसतात. मला हसू येत नाही.

दोन वर्षं झाली त्या हंगामाला. माझ्या आईचा पाय मोडला होता, म्हणून मी कचेरीतून लांब रजा टाकून माहेरी राहिले होते. घरात आई, आबा म्हणजे माझे वडील, वहिनी आणि माझी भाची ऋतुजा. दादा कुपवाडला लेथवर कामाला. तिथंच खोली घेऊन राहायचा, रविवारी मोटरसायकलवरून यायचा, सोमवारी पहाटे जायचा. ऋतुजा बारावीला होती. तिच्याबरोबर गावातल्या आणखी काही पोरी, त्यात शेजारची कोमल. सगळ्यांचं परीक्षेचं केंद्र कडेगावला. परीक्षा तोंडावर आली होती आणि पोरींच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं होतं.

एका सकाळी घरघराट आलाच नाही. ऊन पारावरून खाली उतरलं तेव्हा ऋतुजा घरी परतली.

"आत्या, गाडी आली न्हाई."

"बिघडली असंल," वहिनी म्हणाली. "उद्या यील."

दुसऱ्या दिवशीही आली नाही. तिसऱ्या दिवशी देवळातल्या गुरवाला, नामदेवला, कंडक्टरचा फोन आला. हा कंडक्टर जत भागातला, बोलण्यात कन्नडचा हेल, माणूस मायाळू. त्यानं सांगितलं की फेरी बंद झाली आहे, गाडी रिकामी येते असं वर कोणीतरी कळवलं आहे. "मी काय करू पुजारी, मला आता दुसरा रूट दिला," तो म्हणाला म्हणे.

पोरी चालत जायला लागल्या. दोन्ही बाजूला डोक्याच्या वर ऊस, मधे पायवाटेएवढा रस्ता. त्याच दिवसांत शिराळ्याकडं उसात बिबट्याची पिल्लं सापडल्याचा व्हिडिओ गावभर फिरत होता. वहिनी हातात खुरपं घेऊन पोरींना फाट्यापर्यंत सोडायला जायची आणि तेवढीच चाल परत यायची. मग धारा, मग आईचं, मग रान. एकदा परत आल्यावर ती उंबऱ्यावरच बसली, चपला न काढता. "वन्सं," मला म्हणाली, "बिबट्या आला तर ह्या खुरप्यानं मी काय करनार हाय? पर हातात काय नसलं तर पाय उचलत न्हाई."

आबा ऐकत होते. आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पंचाहत्तरी कधीच ओलांडलेली, पण गावात त्यांना अजून हवालदारच म्हणतात. उठून बूट काढले आणि पॉलिश करायला बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही डेपोत गेलो. मी, आबा आणि वहिनी. दुधाच्या टेम्पोतून, कॅनांच्या मधे उभे राहून. डेपोतले साहेब तरुण होते. आरडाओरडा करणारे नव्हते, चांगले होते. चांगल्या माणसाशी भांडता येत नाही, हीच खरी अडचण. त्यांनी चहा मागवला, आबांना खुर्ची दिली.

"आजोबा, तुमच्या गावाला गाडी पाठवायला मला का नको असेल? पण गाडीत माणूसच नसतं. सध्या तुमच्या गावात राहतंय तरी कोण?"

"आमी ऱ्हातो की," आबा म्हणाले.

"तुम्ही राहता, पण गाडीत बसत नाही."

"काम असल्याबिगर कशाला बसावं?"

"तेच तर," साहेब म्हणाले.

आबांनी चहा संपवला, कप खाली ठेवला. "मानसं लागत्यात न्हवं तुमाला? दावतो. परीक्षा हुईस्तवर गाडी सोडा. रोज भरून नेतो. भरली न्हाई तर पुन्यांदा तुमच्या दारात यायचा न्हाई. पर भरली, तर बंद करायची न्हाई."

साहेब जरा हसले, विचारात पडले, आणि म्हणाले, "ठीक आहे. परीक्षा संपेपर्यंत सोडतो. बघू."

त्या 'बघू'कडं आम्ही लक्ष दिलं नाही. बाहेर आल्यावर वहिनी इतकी खुशीत होती की तिनं स्टँडवर सगळ्यांना भजी घेतली.

संध्याकाळी देवळाच्या स्पीकरवरून आबांचा आवाज आला. घसा खाकरून झाला, स्पीकरची शिट्टी वाजून झाली. "समद्या निंबदरेकरांना कळवन्यात येतंय. उद्यापास्नं सकाळच्या गाडीला हर घरातलं एक मानूस बसंल. आज्यारी, म्हातारी, कोनबी चालंल. जायला काम पायजेच असं काय न्हाई. बसायचं, उतरायचं, सांजच्याला फिरून बसायचं. लेकींची परीक्षा हाय. ही ड्युटी हाय."

थोड्याच वेळात आमच्या अंगणात गर्दी. "आवं हवालदार, तिथं जाऊन दिसभर करू काय?" "माझी म्हस कोन धुनार?" "मला गाडी लागती, वकारी हुती." आबांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं: "फौजेत आमाला बी कवा कुनी सांगितलं न्हाई, कशापायी चाललोय त्ये."

पहिल्या सकाळी मी पारावर गेले तर तिथं जत्रा. ठेवणीतली लुगडी बाहेर आली होती. धनगरवस्तीवरची ठकुबाई काठी टेकत उतरली होती. तिचे दोन्ही लेक मेंढरांमागं, सुना त्यांच्याबरोबर. वस्तीवर ती आणि एक कुत्रं. कडेगाव तिनं बघितलं त्याला किती वर्षं झाली, तिलाही सांगता येईना. गाडी खिंडीत घरघरली तेव्हा लोकांनी पोरांसारखी आरोळी ठोकली. तोच कंडक्टर परत मिळाला होता. तो दारात उभा राहून बघतच राहिला.

"आजी, कुठं जायाचं?"

"तू नेशील तिकडं," ठकुबाई म्हणाली.

"उतरायचं कुठं?"

"न्हाईच उतरलं तर चालंल का?"

त्या आठवड्यांइतकी मजा गावाला किती तरी वर्षांत आली नव्हती, हेही खरं आहे आणि ते लिहिलंच पाहिजे. बायका गाडीत सुपं घेऊन बसायच्या, गहू निवडायच्या. कोणी वाटाण्याच्या शेंगा सोलायचं, टरफलं खिडकीतून जायची, कंडक्टर ओरडायचा. पोरी पुस्तकं उघडून मोठ्यानं वाचायच्या, कारण त्या गलक्यात मनात वाचणं अशक्य होतं. सगळ्या गावाचा अभ्यास व्हायला लागला. एक दिवस ऋतुजा भूगोलातला लोकसंख्येचा धडा वाचत होती. माणसं गाव सोडून का जातात, त्याची कारणं.

"काय काय कारनं दिल्यात?" ठकुबाईनं विचारलं.

ऋतुजानं वाचून दाखवली. रोजगार, शिक्षण, दुष्काळ, लग्न.

"आन् गाडी न्हाई म्हनून?"

"ते पुस्तकात न्हाई आजी. लिवलं तर मार्क न्हाई मिळायचं."

अख्खी गाडी हसली. मीही हसले. त्या वेळी हसूच आलं.

कडेगावच्या स्टँडवर उतरून आमचं गाव एका कडेला सावलीत बसायचं. भाकरी सोडायचं, गप्पा मारायचं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचायचं. काहींना कामंही सापडली. कोणी चष्मा करून घेतला, कोणी वर्षानुवर्षं न भेटलेल्या बहिणीकडं जाऊन आली. वहिनी एकदा दुकानात गेली आणि काचेच्या बांगड्या भरून आली. हात पुढं करून मला दाखवताना लाजली. गाडी असली की माणसाला कामं सुचतात, हे मला त्या स्टँडवर कळलं. आपण गरजेपुरतं जगायला शिकतो आणि मग कुणीतरी येऊन सांगतं की तुमची गरजच एवढी आहे.

कंडक्टर तिकिटं फाडता फाडता एकदा म्हणाला, "गाडी फुल आहे तुमची. पण फुल तिकीट एकच. ह्ये पुजारी." खरंच होतं ते. बायकांना अर्धं तिकीट. आबा, ठकुबाई आणि त्यांच्या वयाची सगळी म्हातारी फुकट, त्यांना शून्याचं तिकीट. शाळा-कॉलेजच्या पोरींना पास. पूर्ण तिकिटाच्या वयाचा बाप्या एकटा नामदेव गुरव. बायकांनी त्याची चेष्टा सुरू केली. "नामदेवा, मधी बस रं. तुज्यामुळं गाडी चालती." तोही छाती फुगवून बसायचा. ही चेष्टेची गोष्ट नाही, हे आमच्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही. तिथं बसून हसत होतो सगळे.

भूगोलाच्या पेपरच्या दिवशी खिंड उतरून गाडी ओढ्यावरच्या पुलाशी आली आणि थांबली. पुढं उसाची ट्रॉली आडवी झाली होती. मागची ट्रॉली कलंडून रस्ताभर ऊस पसरला होता; ट्रॅक्टर पुढं तसाच उभा. ड्रायव्हर कोवळा पोरगा, हाताला खरचटलेलं, फोनवर मालकाला सांगत होता की क्रेन पाठवा. क्रेन दुपारच्या आत येणार नव्हती. दोन्ही बाजूंना ओढ्याचा कातळ, पलीकडं एकही वाहन नाही. पोरी गाडीतून उतरून उसाच्या त्या ढिगाकडं बघत उभ्या राहिल्या. कोमल रडायला लागली. ऋतुजा रडली नाही, पण तिनं पाउच छातीशी इतका घट्ट धरला की पट्टी वाकली.

मी फोन लावत होते. कोणाला लावत होते, आता आठवतही नाही. माझ्या फोनला रेंज नव्हती.

"फॉल इन!" आबा ओरडले. त्यांचा तो आवाज मी लहानपणानंतर ऐकला नव्हता. "कंडक्टर, गाडी मागं घ्या. बायांनो, पदर खोचा. हिथनं पुलाच्या कडंपत्तर रांग करा."

आणि कामाशिवाय गाडीत बसलेलं आमचं सगळं गाव खाली उतरलं. मोळ्या हातोहात सरकायला लागल्या. बायकांना ऊस उचलणं नवीन नव्हतं, पण बऱ्याच जणी साठीच्या पुढच्या होत्या. पाल्यानं हात चिरत होते. ज्यांना उचलवत नव्हतं त्या वाडं, उसाचे हिरवे शेंडे, ओढून बाजूला करत होत्या. ठकुबाई काठी टाकून खाली बसली आणि पायांशी आलेला एकेक ऊस ढकलत राहिली. ठेवणीतली लुगडी चिकट झाली. एसटीचा ड्रायव्हर आधी गाडीतच बसून होता, मग तोही उतरला. ट्रॉली हलकी झाली तसा दोर बांधला, ट्रॅक्टरनं ओढ घेतली, सगळ्यांनी बाजूनं रेटा दिला आणि ती किंकाळी फोडल्यासारखी घासत कडेला गेली. गाडी जाईल एवढीच वाट झाली. एका बाजूचा आरसा कठड्याला घासला. ड्रायव्हर म्हणाला, "त्याचं मी बघतो, बसा."

कॉलेजच्या फाटकाशी गाडी थेट नेली त्यानं. घंटा होत होती. पोरी धावत आत गेल्या. ऋतुजाच्या बाहीला उसाचा रस लागून धूळ चिकटली होती, वेणी सुटली होती. आम्ही सगळ्या जणी फाटकाबाहेर जमिनीवर बसलो. आबांच्या तळव्यातून रक्त येत होतं, ते त्यांनी टोपीनं दाबून धरलं होतं. वहिनीच्या नव्या बांगड्यांतली एकही उरली नव्हती.

मला तेव्हा वाटलं, झालं. आता कोण म्हणेल या गावाला गाडी नको?

परीक्षा संपली. शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी घरघराट आला नाही.

पुन्हा दुधाचा टेम्पो, पुन्हा डेपो. तेच साहेब, तोच चहा. पुलावरची हकीकत त्यांना कळली होती. त्यांनी आबांचा हात बघितला, मनापासून चौकशी केली. मग म्हणाले, "गाडी भरली, नाकारत नाही. पण आजोबा, भरली कशानं? एक सोडून सगळे सवलतीचे. शून्य आणि अर्धे. वर मी काय दाखवू? आणि खरं सांगू का, स्टँडवर आमची माणसं बघत होती. तुमचे लोक सकाळी उतरतात आणि संध्याकाळी त्याच गाडीत परत बसतात. हे प्रवासी नव्हेत हो."

"मग कोन हाय आमी?" वहिनीनं विचारलं. ती डेपोत पहिल्यांदाच बोलली.

साहेबांनी चहाचा कप तिच्याकडं सरकवला. सवलतीचा फरक सरकार भरून देतं असं मी वाचलं होतं, ते मी बोलले. ते म्हणाले, ते बरोबर आहे मॅडम, पण त्याचा हिशेब वेगळीकडं होतो, फेरी ठरवताना तो कामाला येत नाही. हे खरं की खोटं, मला आजही माहीत नाही. मी वाद घालत राहिले. आवाज चढवला. शेजारच्या टेबलावरचा माणूस मान वळवून बघायला लागला. माझं सगळं बोलणं बरोबर होतं आणि त्याचा कशावरही काडीचा परिणाम होत नव्हता. एखादं झाकण नीट बसवून बसवून बसत नाही तसं होत होतं मला.

आबा उठता उठता एवढंच म्हणाले, "सायेब, पुऱ्या तिकिटाची मानसं आमच्यात बी हुती. तुमच्या गाडीची वाट बघून बघून गेली ती. आता ऱ्हायलोय त्ये आमी. आमाला बघून तुमी म्हनताय, गावात मानूस न्हाई."

साहेब दारापर्यंत सोडायला आले. ते सोडायला आले नसते तर बरं झालं असतं.

ऋतुजा चांगल्या मार्कांनी पास झाली. कोमलही पास झाली. पुढं कॉलेजात नाव घालायची वेळ आली तेव्हा कोमलचे वडील आमच्या ओट्यावर येऊन बसले. शांत स्वभावाचा माणूस, पोरीवर जीव. "जाईल कशानं रोज?" त्यांनी विचारलं. "सांगा हवालदार. उसातनं एकटी धाडू?" मी म्हणाले, माझ्याकडं सांगलीला पाठवा. पण माझ्या दोन खोल्यांत ऋतुजा यायची होती. दोघी कशा मावणार, हे त्यांनाही दिसत होतं आणि मलाही. पाऊस लागायच्या आत कोमलचं लग्न झालं. स्थळ चांगलं होतं. सगळे म्हणाले, नशीब काढलं. मांडवात तिनं माझ्याकडं बघितलं आणि हसली. ते हसू मला आजही नको वाटतं.

ऋतुजा माझ्याकडं आली. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजला चालत जाते, दारातून रिक्षा मिळते, सिटी बस मिळते. सुरुवातीला ती प्रत्येक गाडीची पाटी वाचायची. आता वाचत नाही. तिच्यापाठोपाठ गावातून आणखी दोन घरं गेली. एकाच्या पोराला शाळा लांब पडत होती, एकाच्या म्हाताऱ्याला दवाखाना. नामदेव गुरवही इस्लामपूरला लेकाकडं गेला, म्हणजे पूर्ण तिकीटही संपलं. भिंतीवरचा आकडा मात्र कोणी खोडला नाही. माणसं नाहीत म्हणून गाडी नाही आणि गाडी नाही म्हणून माणसं नाहीत. हे वाक्य मी अर्जात लिहिलं, भाषणात ऐकलं, लग्नकार्यात पुढाऱ्यांपुढं म्हणून दाखवलं. सगळ्यांनी मान डोलावली. पटत नाही असं एकही माणूस मला अजून भेटलेलं नाही. पटणं आणि होणं यांच्यामधे जो रस्ता लागतो तो कुठल्या जिल्ह्यात येतो, तेवढं कोणी सांगत नाही.

आणि मग गेल्या वर्षी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, रस्ता झाला. खरा रस्ता. फाट्यापासून खिंडीतून वर पारापर्यंत सिमेंटचा, रुंद, कडेला पांढरे पट्टे, ओढ्यावर नवा पूल. मशिनं आली, माणसं आली, गाव रोज उभं राहून बघत होतं. ठकुबाई अनवाणी त्यावर चालून आली म्हणे, आणि म्हणाली, "कुनाच्या अंगनापरीस झ्याक हाय." आबांनी फोनवर मला दोनदा सांगितलं, "आता यील बघ गाडी." मी पुन्हा अर्ज केला. रस्ता झाला आहे, आता फेरी सुरू करावी. उत्तर आलं, रस्त्याबद्दल अभिनंदन. मागणीचा यथावकाश विचार होईल.

पावसाळ्यात आईचा पाय पुन्हा धरला. रात्रीअपरात्री काही झालं तर काय, या काळजीनं वहिनीची झोप गेली. दादा दर रविवारी तेच ते बोलायचा, सगळे कुपवाडला चला. आबा ऐकून घ्यायचे आणि उठून गोठ्यात जायचे. दिवाळीनंतर एका रविवारी ते गोठ्यातून परत आले आणि म्हणाले, "म्हशी इकून टाक." एवढंच. माघात दादानं कुपवाडला मोठी खोली बघितली.

सामान यायचं त्या दिवशी मी आणि ऋतुजा सकाळपासून तिथं होतो. कारखान्यांची सुट्टी, गल्ली रिकामी, लोखंडाच्या किसाचा वास. ऋतुजानं फरशी पुसून घेतली होती. दुपार कलताना टेम्पो वळणावर दिसला. मागं पलंग, पेट्या, कपाट, पितळेच्या भांड्यांची उतरंड आणि त्या सगळ्याच्या मधे गादीवर आई, तिला धरून वहिनी. पुढं ड्रायव्हरशेजारी आबा, धुवट पैरण, पॉलिश केलेले बूट. दादा मोटरसायकलवर मागून.

मी दार उघडून आबांना हात दिला. ते सावकाश उतरले. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा बघून घेतलं.

"त्रास झाला का वाटंत?" मी विचारलं.

"छ्या," आबा म्हणाले. "रस्ता लय झ्याक झालाय गं. घरापास्नं हितवर एक भांडं वाजलं न्हाई."